गावची शाळा, नवी साधने आणि आपले कर्तव्य

(मंदिर जीर्णोद्धाराच्या निमित्ताने स्वारगेट, पुणे येथे भरलेल्या ग्रामस्थ व देणगीदार यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



ग्रामदैवताच्या कृपेने आणि लहानथोरांच्या हातभाराने मंदिराचे काम तडीस गेले. कोणी रोख रक्कम दिली, कोणी सिमेंटच्या गोण्या दिल्या, कोणी ट्रॅक्टरने वाळूची खेप आणून टाकली, आणि ज्याच्यापाशी देण्यासारखे काही नव्हते त्याने चार दिवस अंगमेहनत केली. गाव करी ते राव न करी, ही म्हण या कामाने खरी करून दाखवली. आता कळस चढल्यावर पुष्कळ देणगीदारांच्या मनात असे आले आहे की, देवळाचे झाले, तर देवळाशेजारच्या शाळेचेही काही व्हावे. कोणी मोठा टीव्ही देऊ म्हणतात, कोणी संगणक, कोणी मुलांना टॅब. हेतू उत्तम आहे. परंतु देण्यापूर्वी आणि घेण्यापूर्वी थोडा विचार व्हावा, एवढ्यासाठीच आजचा हा विषय घेतला आहे.

विषय स्वारगेटला बोलला जावा हेही योग्यच आहे. गावाकडच्या किती मुलांनी कॉलेजसाठी पहिले पाऊल टाकले ते याच स्टँडवर! आणि या स्टँडच्या आसपास महाराष्ट्राच्या शिक्षणाचा केवढा इतिहास विखुरला आहे, हे घाईघाईने गाडी पकडणाऱ्याला ठाऊक नसते. दि. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालयापासून स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली. त्याच दिवशी, त्याच समारंभात, बुधवार पेठेतील भिडे वाड्याच्या जागी होणाऱ्या पहिल्या मुलींच्या शाळेच्या स्मारकाची पायाभरणी झाली. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती याच वाड्यात. मोडकळीस आलेला तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये उतरवण्यात आला. जमिनीखालून धावणारी नवी गाडी आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीची पाटी-पेन्सिलीची शाळा यांची गाठ एकाच दिवशी पडली. आजच्या विषयाचे सार त्या योगायोगात आहे. नवे यंत्र येते तेव्हा जुना प्रश्न संपत नाही. तो प्रश्न असा की, दार कोणासाठी उघडले आणि बाहेर कोण राहिले?

मंदिराच्या मेळाव्यात हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला विशेष अधिकार आहे, कारण देवळाच्या दारातही तो एकेकाळी उभा होता. स्वारगेटवरून जी पर्वती दिसते, त्या पर्वतीच्या देवळात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून १९२९ साली सत्याग्रह झाला. पंढरीच्या विठ्ठलाच्या दारी हरिजनांना मज्जाव होता. तो उठावा म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले आणि ते दार उघडले. साने गुरुजी हे मूळचे अमळनेरच्या शाळेतले शिक्षक होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आज आपल्या नव्या सभामंडपात येताना कोणी कोणाला जात विचारत नाही. याच मापाने आता शाळेतील टीव्ही आणि संगणक मोजावयाचे आहेत.

सज्जनहो, शिक्षकाने गावाचे ऐकावे, ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. त्यापुढे जोतिरावांनी निवेदन दिले. जोतिरावांचे राहते घर म्हणजे गंज पेठेतील फुले वाडा, जो आज समताभूमी म्हणून ओळखला जातो आणि येथून पायी जाण्याजोगा आहे. त्या निवेदनात त्यांनी सरळ हिशेब मांडला. सरकारचा बहुतेक वसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, मात्र शिक्षणावरचा खर्च वरच्या थोड्या लोकांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. म्हणून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांनी मागितले. आणखी एक मागणी त्यांनी केली, तिच्याकडे आजही पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातले असावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ धरता येईल असे असावेत. म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि लोकांच्या गरजा व इच्छा त्यांना समजतील. शिक्षकाला किती येते याबरोबर तो कोणाचे ऐकतो, हेही जोतिरावांनी तपासून पाहिले होते.

ऐकल्यावर काय घडते याचे दुसरे उदाहरण कोसबाडचे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर चालवले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. वारल्यांची मुले शाळेत येत नसत. मुले आळशी, आईबाप अडाणी, असे म्हणून वही बंद करणे सोपे होते. या दोघींनी पाड्यावर जाऊन पाहिले. मुले गुरे राखायला जात होती, मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसत होत्या. मग शाळाच कुरणात गेली आणि तिचे नाव पडले कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणल्या, म्हणजे भावंड सांभाळणारी मुलगीही पाटीपाशी येऊन बसली. माँटेसोरी पद्धतीची साधने त्या काळी महाग असत आणि ती शहरातल्या सुखवस्तू मुलांनाच मिळत. ताराबाईंनी त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने-फुले वापरली. गणित शिकण्याचे यंत्र प्रत्येक मुलाच्या ओंजळीत आले आणि त्याला पैसा लागला नाही.

तिसरे उदाहरण खुद्द पुण्याचे आहे. १९९० च्या सुमारास एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या शिक्षिका कचरा वेचणाऱ्या मुलींना शिकवण्यासाठी वस्तीत गेल्या. मुलींना शिकायचे होते, पण वेळ कचरा वेचण्यात जात होता. शिक्षिका त्यांच्याबरोबर उकिरड्यावर गेल्या आणि स्वतः कचरा वेचून पाहिला. तेव्हा कळले की घराघरांतून कचरा वेगळा करून मिळाला, तर काम हलके होईल, मिळकत वाढेल आणि मुलींना सवड मिळेल. या ऐकण्यातून १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. अक्षरे शिकवायला गेलेल्या बायका आधी स्वतः शिकल्या, म्हणून त्यांचे शिकवणे फळाला आले.

आता आजच्या साधनांकडे वळू. आपण विसरतो, पण पाठ्यपुस्तक हेसुद्धा एक यंत्रच आहे आणि समतेच्या दृष्टीने त्यासारखे दुसरे नाही. १९६७ साली पुण्यात बालभारती स्थापन झाली. ऊसतोडीच्या कोपीतले मूल आणि बंगल्यातले मूल यांच्या हाती तिचे एकच पुस्तक येऊ लागले. तेच चित्र, तोच धडा, तीच शाई. अलीकडे त्या पुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो, त्याला क्यूआर कोड म्हणतात. मोबाईल त्यावर धरला की त्या धड्याची चित्रफीत किंवा इतर पूरक साहित्य उघडते. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाची वाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आपल्या मुलांच्या पुस्तकांत हे कोड वापरले. २०२० साली त्यांना दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली. वाडीतला शिक्षक यंत्राला आपल्या कामी लावू शकतो, हे त्यांनी जगाला दाखवले.

पण त्याच वर्षाने नाण्याची दुसरी बाजूही दाखवली. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर गेले. घरात मोबाईल एक आणि मुले तीन. तो मोबाईलही सकाळी वडिलांबरोबर कामावर जाई. संध्याकाळी परत आला की आधी मोठ्या मुलाच्या हाती, उरला वेळ तर मुलीच्या. कुठे रेंज नव्हती, कुठे रिचार्जला पैसे नव्हते. पुस्तक सारखे राहिले, पण पुस्तकावरचा तो चौकोन एकाला दार ठरला आणि दुसऱ्याला भिंत. यंत्राने जाणूनबुजून कोणाला वगळले नव्हते. ज्याच्या हाती यंत्र नाही तो आपोआप वगळला गेला आणि ते कोणाला दिसलेही नाही. देवळाच्या दारात अडवलेला माणूस निदान दारात उभा दिसत असे. मोबाईलबाहेर राहिलेले मूल हजेरीपटात शोधावे लागते.

त्या काळात ज्या शिक्षकांनी आधी कान दिला, त्यांना वेगळ्या वाटा सापडल्या. सोलापूरच्या नीलमनगरात कामगारांची वस्ती आहे. तिथल्या शिक्षकांनी पाहिले की मोबाईल नाही, पण भिंत प्रत्येक घराला आहे. त्यांनी घरांच्या भिंतींवर धडे, आकडे आणि आकृत्या रंगवून घेतल्या आणि गल्लीच वर्ग झाली. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर एका संस्थेने ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली हा पहिली ते आठवीच्या मुलांसाठीचा कार्यक्रम लागू लागला, कारण मोबाईलपेक्षा टीव्ही अधिक घरांत होता. कित्येक गावी शिक्षकांनी पारावर आणि देवळाच्या ओसरीवर अंतराअंतराने मुले बसवून शिकवले. यांतले कोणतेही साधन सर्वांत नवे नव्हते. जे सर्वांपर्यंत पोचते ते साधन चांगले, एवढीच त्यांची कसोटी होती.

बंधू-भगिनींनो, आता आपल्या शाळेकडे येऊ. देणगीतून आलेल्या यंत्राचे पुढे काय होते, याचा अनुभव अनेक गावांना आहे. समारंभ होतो, नारळ फुटतो, ‘सप्रेम भेट’ अशी पाटी लागते, फोटो निघतो. त्यानंतर वस्तूची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला होते आणि त्या रजिस्टरच्या नावाप्रमाणेच तिची गत होते. बिघडले तर भरून कोण देणार या धास्तीने संगणक कुलपात राहतो. वीजबिल थकते आणि मीटर बंद होतो. कुठे टीव्ही चालू असतो, पण रिमोट नेहमी त्याच दोन हुशार मुलांच्या हाती असतो आणि मागच्या रांगेतली मुलगी चौथीतून पाचवीत जाईपर्यंत त्याला बोट लावत नाही. यात कोणा एका शिक्षकाचा दोष काढण्याचे कारण नाही. दोन शिक्षक, चार वर्ग, आणि वर माहित्या, अहवाल, निरनिराळी कामे. त्याला उसंत मिळत नाही, हे गावानेही समजून घेतले पाहिजे. परंतु उसंत नाही म्हणून प्रश्नच विचारू नये, असेही नाही.

शिक्षकाने शाळेला कुलूप लावताना स्वतःला रोज तीनच प्रश्न विचारावेत. आज यंत्राला कोणाचा हात लागला नाही? तो का लागला नाही? आणि जे यंत्राने शिकवले ते खडूने अधिक चांगले झाले असते काय? उत्तर वहीत एका ओळीत लिहून ठेवावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षक एकत्र जमतात, तिथे या ओळी वाचल्या जाव्यात. वरिष्ठांनीही त्या तपासणीच्या नजरेने न पाहता सल्लामसलतीच्या भावनेने ऐकाव्यात. आपले काम आपणच पारखून पाहणारा शिक्षक गावाला मिळणे, हीच मोठी देणगी आहे.

गावाचे ऐकण्यासाठी कायद्याने सोय केलेली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात पाऊणपट सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि दुर्बल घटकांतील पालकांनाही जागा असते. कायदा एप्रिल २०१० पासून लागू आहे. तरी पुष्कळ ठिकाणी ही समिती सहीपुरती उरली आहे. सभेची वेळ सकाळी अकराची ठेवली, तर शेतमजूर बाई येणार कशी? तिची मजुरी बुडते. सभा दिवे लागल्यावर मंदिराच्या सभामंडपात घ्यावी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना निघण्यापूर्वी विचारावे. जी बाई सभेत बोलत नाही तिला घरी जाऊन विचारावे. शिक्षकाने आधी ऐकावे आणि मग सांगावे. आणि गावानेही शिक्षकाची अडचण तेवढ्याच सबुरीने ऐकावी.

देणगीदारांना हात जोडून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट अशी की, वस्तू विकत घेण्यापूर्वी समितीला आणि मुलांना विचारावे. कदाचित टॅबपेक्षा मुलींसाठी पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह आधी हवे असेल. कदाचित विजेची जोडणीच आधी हवी असेल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरी, वस्तूच्या किमतीबरोबर तिच्या पोटापाण्याचीही व्यवस्था करावी. वीजबिल, दुरुस्ती आणि इंटरनेट यांसाठी काही रक्कम ठेव म्हणून ठेवावी आणि तिच्या व्याजातून खर्च व्हावा. देवाच्या दिवाबत्तीसाठी पूर्वी इनामे लावून देत. शाळेच्या दिवाबत्तीलाही तसे इनाम लागते.

तिसरी, साधन कुलपात राहू नये. संध्याकाळी एक तास, हरिपाठाची वेळ सोडून, सभामंडपात शाळेचा टीव्ही लावता येईल. ज्याच्या घरी मोबाईल नाही त्या मुलाने तिथे बसून धडा पाहावा. मुलींची पाळी आधी ठेवावी, कारण घरात बहुधा ती शेवटी येते. वापरताना काही मोडले तर मुलाला रागवू नये. वापराने झिजलेली वस्तू कुलपात गंजलेल्या वस्तूपेक्षा केव्हाही बरी.

चौथी गोष्ट हिशेबाची. मंदिराचा जमाखर्च गावापुढे पैशापैशाने वाचला जातो, म्हणून गावाचा त्यावर विश्वास आहे. शाळेच्या साधनांचाही असाच हिशेब वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचला जावा. त्यात साधनांची संख्या थोडक्यात सांगावी, आणि ती किती मुलांच्या हातांपर्यंत पोचली व कोण उरले, हे सविस्तर सांगावे. उरलेल्यांची नावे चारचौघांत घेऊ नयेत, पण समितीला ती ठाऊक असावीत.

हे होण्यासारखे आहे काय, अशी शंका कोणी घेईल. आपल्याच पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात जालिंदरनगर नावाची वस्ती आहे. तिथली जिल्हा परिषद शाळा तीन मुलांवर येऊन बंद पडण्याच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी आणि ग्रामस्थ यांनी मिळून ती उभी केली. तिथे मुले एकमेकांना शिकवतात. एका विषयात पुढे असलेले मूल दुसऱ्याचा विषयमित्र होते. २०२५ साली जगातील उत्कृष्ट शाळांच्या पुरस्कारांत या शाळेला लोकपसंतीचा मान मिळाला. तिथेही पाया गाव आणि गुरुजी यांच्या एकजुटीचा होता. यंत्रे त्यावर उभी राहिली.

जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ जुने झालेले पुन्हा उभे करणे असा आहे. भिंत पडली तर गवंडी उभी करतो. शाळा आणि गाव यांच्यातले बोलणे तुटले, तर ते उभे करायला गवंडी मिळत नाही. ते काम शिक्षकाने आणि गावकऱ्याने समोरासमोर बसूनच करावे लागते. आज ज्या हातांनी कळस चढवला, त्याच हातांनी आता शाळेतले साधन शेवटच्या बाकावरच्या मुलीपर्यंत पोचवावे. तशी सद्बुद्धी आणि बळ ग्रामदैवताने आपणा सर्वांना द्यावे, अशी त्याच्या चरणी प्रार्थना करून हे भाषण येथे पुरे करण्यात येत आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!